विहिरीतले कासव आणि समुद्रातले कासव

आमच्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्वेला जा की पश्चिमेला, खारे पाणी पाहायचे तर रात्रभराची आगगाडी पकडावी लागते. तेव्हा सेवाग्राम-पवनारच्या या मुलखात बसून एका निवृत्त गुरांच्या डॉक्टरने रविवारच्या सकाळी सागरी कासवांच्या कृमींविषयी लिहावे, हे वाचकांना अंमळ अगोचरपणाचे वाटेल. आमच्या घरातही तसेच वाटले. "कासवाला जंत होतात, हे चहाच्या वेळी वाचायला कोणाला आवडणार आहे?" असा रोखठोक प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला. प्रश्न रास्त आहे. पण या विषयाचे माझ्यावर एक जुने देणे आहे, आणि ते फेडायला एवढीच जागा मला ठाऊक आहे.

गोष्ट पंचवीसेक वर्षांपूर्वीची. देवळी तालुक्यातल्या एका गावात मी लसीकरणाला गेलो होतो. काम आटोपून मोटारसायकलला किक मारणार, तोच एक शेतकरी आणि त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा टोपले घेऊन आले. टोपल्यात कासव. "डॉक्टरसायेब, आमच्या विहिरीतलं हाय जी हे. जळवाच जळवा लागल्या याले. खात बी नाही. पोरगं रडून रायलं." आपल्याकडे विहिरीत कासव सोडायची जुनी रीत आहे. कासव असले म्हणजे पाणी स्वच्छ राहते, घरात बरकत येते, अशी समजूत. हे आपले नेहमीचे नदी-तळ्यातले, मऊ पाठीचे कासव. वजन दीड किलोच्या आतबाहेर. मानेच्या घडीत, मागच्या पायांच्या बेचक्यात काळ्या जळवांचे झुपके लोंबत होते.

माझ्या पिशवीत आयव्हरमेक्टिनची बाटली होती. त्या काळी हे औषध म्हणजे आम्हा गुरांच्या डॉक्टरांच्या हातातले रामबाण. पोटातले गोल जंत जातात, गोचीड जातात, खरूज जाते. गवळाऊ गाईवर चालते, शेळीवर चालते, मग कासवाने काय घोडे मारले? मी वजनाचा अंदाज बांधला, अगदी थोडे औषध सुईत घेतले आणि टोचले. मुलाच्या डोक्यावर हात फिरवून म्हणालो, "उद्या बघ, पळायला लागेल."

तिसऱ्या दिवशी शेतकरी मुद्दाम दवाखान्यात आला. कासवाने मान बाहेर टाकली ती परत आत घेतलीच नाही. पाय लुळे पडले. मग संपले. "तुमचा दोष नाही जी, त्याची भरली होती," असे म्हणून तो भला माणूस उलट माझीच समजूत घालून गेला. पण दोष माझाच होता. पुढे नागपूरला जाऊन पुस्तके चाळली तेव्हा कळले, की आयव्हरमेक्टिन हे कासवांच्या जातीला विष आहे, हे १९८३ सालीच एका अभ्यासातून प्रसिद्ध झाले होते. कृमींच्या आणि किड्यांच्या मज्जातंतूंना लुळे करणे, हेच या औषधाचे काम. गाय, शेळी, माणूस यांच्या मेंदूभोवती निसर्गाने एक गाळणी बसवलेली आहे, ती हे औषध आत जाऊ देत नाही. कासवाची गाळणी ते अडवू शकत नाही असे दिसते. परिणामी जळू मरायच्या आधी कासवच लुळे पडते आणि त्याचा श्वास थांबतो. माझ्यापर्यंत हे ज्ञान पोहोचले नव्हते हे खरे, पण मी ते शोधलेही नव्हते.

तेव्हापासून कासवांच्या आजारांवर जे मिळेल ते वाचायचा मला नाद लागला. आणि वाचता वाचता मी विहिरीतून थेट समुद्रावर पोहोचलो, कारण कासवांच्या कृमींवर जगात जे काम झाले आहे, त्यातले पुष्कळसे सागरी कासवांवर झाले आहे.

आपल्या देवळात सभामंडपात दगडी कासव असते. त्याला नमस्कार करून आपण पुढे जातो. इंद्रिये कशी आवरावी, हे कासवाकडून शिका, असे गीता सांगते. कासव जसे हातपाय आत ओढून घेते, तसे मन विषयांतून ओढून घ्यावे. दृष्टांत सुंदर आहे. पण सागरी कासवाला तो लागू पडत नाही! त्याला मान आणि वल्ह्यासारखे पाय कवचात ओढून घेताच येत नाहीत. पोहण्यासाठी त्याने ती सोय गमावली आहे. त्याची मान, खांदे, पायांच्या बेचक्या जन्मभर उघड्या. समुद्रात जे जे चिकटणारे आहे, ते ते तिथे येऊन चिकटते.

या पाहुण्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिले बाहेरचे. त्यात बार्नॅकल नावाचे, शिंपल्यासारखे कवच असलेले जीव आले. जहाजांच्या बुडाला आणि खडकांना चिकटलेले पांढरे टणक फोड ज्यांनी कोकणात पाहिले असतील, त्यांना ते ओळखता येतील. त्यातले काही केवळ पाठीवर बसून प्रवास करतात, त्यांना परजीवी म्हणणेही अन्याय्य होईल. पण काही जाती मऊ कातडीत रुतून जखमा करतात. त्यांच्याच जोडीला सागरी कासवांच्या खास जळवा. डोळ्यांभोवती, तोंडात, गुदद्वारापाशी त्या शेकड्यांनी जमतात. रक्त तर पितातच; शिवाय कासवांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या एका विषाणूचा प्रसार त्या करत असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा संशय आहे.

दुसरे पाहुणे आतले, आणि अधिक कपटी. हे चपटे रक्तकृमी. लांबी काही मिलिमीटर, मुक्काम थेट हृदयात आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत. त्यांची अंडी रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसात, आतड्यात, प्लीहेत, कधी मेंदूतही अडकतात आणि तिथे सूज येते. आपल्या शेतकऱ्यांना हे कुटुंब अगदीच परके नाही. तळ्यावर पाणी पिणारा बैल कधी कधी माणसासारखा घोरू लागतो. त्याच्या नाकातल्या शिरांत राहणारा कृमी हा याच रक्तकृमींचा चुलतभाऊ. त्याचे बालपण गोगलगायीत जाते. सागरी कासवांच्या रक्तकृमींपैकी काहींचे बालपणही समुद्रातल्या गोगलगायींत आणि काहींचे तर वाळूतल्या किड्यांत जाते, असे अलीकडच्या काळात आढळले आहे.

तिसरा प्रकार डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जीवांचा. कोंबड्यांची पिल्ले पाळणाऱ्यांना कॉक्सिडिया हे नाव ठाऊक असेल. रक्ती हगवणीने पिलांचा खुराडाच्या खुराडा साफ होतो. त्याच जातकुळीच्या एका जीवाने १९९१ साली ऑस्ट्रेलियाच्या मोरटन उपसागरात किमान ७० हिरव्या कासवांचा बळी घेतला. आतड्यांना आणि मेंदूला सूज येऊन ती मेली. जाळे नाही, जहाजाचा पंखा नाही, शिकारी नाही. मोठी धडधाकट दिसणारी कासवे किनाऱ्याला लागली. मेलेल्या कासवांचे रीतसर शवविच्छेदन झाले म्हणून कारण कळले. नाहीतर 'समुद्राची करणी' म्हणून त्यांच्यावर वाळू लोटली गेली असती.

आता उपचार. वाचकांना वाटेल, फार मोठी यंत्रे आणि महागडी औषधे लागत असतील. पण पहिला उपचार ऐकून आमच्या शेजारच्या आजीबाईसुद्धा हसल्या. तो आहे गोडे पाणी! जळवा आणि बार्नॅकल खाऱ्या पाण्याचे जीव. गोड्या पाण्यात ठेवले, की त्यांच्या अंगात पाणी शिरून ते मरतात व गळून पडतात, किंवा हलक्या हाताने काढता येतात. कासवाचे मात्र त्यात बिघडत नाही. समुद्राचे पाणी पिऊन जादा मीठ डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकणारा हा प्राणी, त्याला दिवसभर गोडे पाणी मिळाले तर उलट शरीरातली पाण्याची तूट भरून निघते. फक्त दोन पथ्ये. एक, हे अनेक दिवस चालवायचे नाही, रक्तातल्या क्षारांचा तोल जातो. दुसरे, अशक्त कासवाला खोल पाण्यात सोडायचे नाही. कासव फुप्फुसाने श्वास घेते. मान वर काढायची ताकद नसलेले कासव पाण्यात चक्क बुडून मरते.

रक्तकृमींसाठी प्राझिक्वाँटेल हे औषध आहे. माणसांतल्या रक्तकृमींवरही तेच चालते. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी हिरव्या कासवांवर ते वापरून गुण येतो असे दाखवले. पण इथेही घाई नाही. एकाच वेळी पुष्कळ कृमी मेले तर त्यांची प्रेते रक्ताच्या प्रवाहात वाहत जाऊन कुठे तरी बूच बसते. म्हणून आधी वजन, रक्ताची तपासणी, क्ष-किरण, विष्ठेची तपासणी. मग शरीरात पाणी भरणे, ऊब, थोडे थोडे खाणे. अंगात काही दम आला, की मग कृमींचे औषध.

हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी नेमका उलटा क्रम लावला होता.

याहून महत्त्वाची एक गोष्ट या सागरी कासवांच्या डॉक्टरांनी मला शिकवली. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर हडकुळी, शेवाळलेली, बार्नॅकलांनी पाठपोट भरलेली कासवे लागतात. पाहणाऱ्याला वाटते, या चिकट्यांनीच त्याची ही दशा केली. डॉक्टर सांगतात, बहुतेक वेळा प्रकरण उलट असते. कासव आधी आजारी पडते. जाळ्यात अडकते, प्लॅस्टिक गिळते, गारठते. मग त्याचे पोहणे मंदावते, बुडी मारणे थांबते, ते पाण्यावर नुसते तरंगत राहते. स्थिर वस्तूवर जीव येऊन बसायचेच. म्हणजे बार्नॅकल हे दुखणे नव्हे, दुखण्याची पाटी. पाटी खरवडली म्हणून दुखणे जात नाही.

हे वाचले तेव्हा देवळीचे ते कासव माझ्या डोळ्यांपुढे आले. नदीतले कासव दुपारी काठावर, दगडावर येऊन उन्हाला बसते. त्याने अंग तापते, आणि कातडी कोरडी झाल्याने जळवा सुटतात, असा त्याचा एक उपयोग मानला जातो. बांधीव विहिरीत काठ कुठला आणि ऊन कुठले? वर्षानुवर्षे ते बिचारे त्या गार, अंधाऱ्या हौदात गोल गोल फिरत होते. त्याच्या अंगावर जळवा वाढल्या यात नवल नव्हते, आणि त्याला सुईची गरजही नव्हती. ऊन, कोरडी जमीन आणि शेवटी वनखात्यामार्फत एखादी नदी, एवढे मिळाले असते तर कदाचित आज ते धाम नदीच्या काठी शेकत बसले असते. बरकत यावी म्हणून आपण त्याला विहिरीत सोडले आणि गुण यावा म्हणून मी सुई टोचली. दोघांचाही हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने मेलेल्या प्राण्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

महाराष्ट्रात सागरी कासवांसाठी काम करणारी माणसे आहेत, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि भाऊ काटदरे यांनी २००२ साली वेळास येथे घरट्यांच्या राखणीला सुरुवात केली. ज्या गावात अंडी काढून खाल्ली जात, तिथे आज लोक पिल्ले समुद्रात जाताना पाहायला मुलाबाळांसह जातात. पालघर जिल्ह्यात डहाणूला वनविभाग आणि प्राणिमित्रांची एक संस्था यांनी मिळून जखमी सागरी कासवांचे उपचार केंद्र चालवले आहे. पशुवैद्यक डॉ. दिनेश विन्हेरकर यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला, की तुटक्या जाळ्यांत अडकून पाय गमावलेली, थकलेली कासवे त्या पट्ट्यात किनाऱ्याला लागतात.

चार वर्षांमागे एका पावसाळ्यात डहाणूच्या बाजूला नातलगांकडे गेलो असताना असे एक कासव मी स्वतः पाहिले. ऑलिव्ह रिडले. पाठीवर शेवाळ, मानेवर पांढरे फोड. दहा-बारा माणसे जमली होती आणि सगळ्यांचा एकच प्रयत्न, त्याला ढकलून परत पाण्यात घालायचे. लाट त्याला परत आणी, हे पुन्हा ढकलत. "अहो थांबा, ते आजारी आहे म्हणूनच बाहेर आलंय," असे मी ओरडलो, तर एक तरुण म्हणाला, "काका, पाण्याचा जीव पाण्यातच बरा होणार ना?" त्याचा कळवळा खरा होता. मला माझीच बाटली आणि सुई आठवली. शेवटी एका मुलीने वनखात्याला फोन लावला, ओल्या गोणपाटाची सावली केली, आणि गाडी येईपर्यंत आम्ही बसून राहिलो. तेवढे बसणे हाच आमच्याकडून झालेला उपचार.

आता कोणी म्हणेल, हे सारे कोकणचे. वर्ध्याला त्याचे काय?

नकाशा काढून पाहा. आमची वर्धा नदी वैनगंगेला मिळते, त्यांची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोदावरीच्या मुखाजवळच्या वाळूत ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. म्हणजे पुलगावच्या पुलावरून श्रद्धेने नदीत फेकलेली निर्माल्याची प्लॅस्टिक पिशवी समुद्राकडे निघालेली असते. वाटेत अडकली नाही तर तिचा शेवट कुठे व्हायचा हे आपण जाणतो. आणि कासवांना पूर्व किनारा व पश्चिम किनारा असा भेद नाही. ओडिशात २०२१ साली पायाला बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. तिच्याबरोबर तिच्या अंगावरचे आणि रक्तातले पाहुणेही प्रवास करून आले असणार.

शिवाय, कृमी म्हणजे काय हे विदर्भाला कोणी शिकवायला नको. हत्तीपायाने सुजलेला पाय ज्याच्या घराण्यात किंवा आळीत कोणी पाहिला नाही, असा माणूस आमच्याकडे विरळा. रात्री रक्ताचा थेंब घ्यायला येणारे आरोग्य कर्मचारी आम्ही लहानपणापासून पाहिले, कारण त्या कृमींची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात. सेवाग्रामला १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृमीच्या निदानावर आयुष्यभर काम केले. आणि गंमत पाहा, हत्तीपायाच्या निर्मूलनासाठी अलीकडच्या वर्षांत काही जिल्ह्यांत ज्या तीन औषधांच्या गोळ्या एकत्र देतात, त्यात एक आयव्हरमेक्टिन आहे! त्याच्या शोधासाठी कॅम्पबेल आणि ओमुरा यांना २०१५ साली नोबेल मिळाले. माणसाला वरदान, गाईला वरदान, कासवाला विष. औषध चांगले की वाईट, या प्रश्नाला अर्थच नाही. कोणाला, किती, कधी, एवढेच प्रश्न खरे.

म्हणून या जागेवरून मला तीन मागण्या करायच्या आहेत. पहिली सरकारकडे आणि विद्यापीठाकडे. राज्याच्या पशु आणि मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय वर्ध्यापासून पाऊण-शंभर किलोमीटरवर, नागपूरला आहे. किनाऱ्यावर मेलेले प्रत्येक सागरी कासव वाळूत पुरण्याआधी तपासले जावे, त्याच्या कृमींची, गाठींची नोंद व्हावी, आणि हे ज्ञान नव्याने पदवी घेणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाच्या हाती पडावे. आमच्या वेळी कासव अभ्यासक्रमात नव्हते म्हणून एक कासव मेले. ही सबब पुढच्या पिढीला मिळू नये.

दुसरी मागणी माझ्या व्यवसायबंधूंकडे. औषधाच्या दुकानात 'कासवाला जंत झालेत, काहीतरी द्या' म्हणणाऱ्याला गुरांची बाटली काढून देऊ नका. आणि आपल्याला ठाऊक नसेल तर 'मला ठाऊक नाही' म्हणायला लाजू नका. ते तीन शब्द त्या दिवशी मला सुचले नाहीत.

तिसरी वाचकहो, तुमच्याकडे. घरात, हौदात, विहिरीत कासव ठेवू नका. आपल्याकडची नदीतली कासवे ठेवणे कायद्याने गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी तो त्या जिवावर अन्याय आहे. सुट्टीत कोकणात गेलात आणि किनाऱ्यावर कासव दिसले, तर ते अंडी घालायला आले असेल तेव्हा दूर उभे राहा, आणि मरगळलेले असेल तेव्हा पाण्यात ढकलू नका. अंगावरचे काही ओरबाडू नका. सावली करा, ओले फडके पाठीवर टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

आपल्या संतांनी कूर्मदृष्टी हा एक सुंदर शब्द दिला आहे. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने पोसते, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्र म्हणेल, यात तथ्य नाही. सागरी कासवी अंडी पुरून जाते ती वळूनही पाहत नाही. असेना का. ती नजर कासवाकडे नसेल तर आपण तरी ठेवावी. आजारी जिवाजवळ आधी नीट बघत बसावे, मग हात लावावा.

त्या शेतकऱ्याचा मुलगा आता तिशी ओलांडून गेला असेल. हा अंक त्याच्या घरी जात असला, तर त्याने एवढे वाचावे. त्याचे कासव त्याच्या नशिबाने मेले नव्हते.